चार अणूंचं कडं

पेनिसिलिनची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेच्या पुस्तकात वाचलेली असते. लंडनचं सेंट मेरीज हॉस्पिटल, सुटीवरून परतलेले अलेक्झांडर फ्लेमिंग, टेबलावर राहून गेलेली काचेची बशी, तिच्यात उगवलेली बुरशी आणि त्या बुरशीभोवती जिवाणू नाहीसे झालेलं स्वच्छ वर्तुळ. साल १९२८. गोष्ट खरीच आहे, पण ती अर्धी आहे. उरलेली अर्धी गोष्ट रेणूंच्या पातळीवर घडली, आणि ती सहसा पुस्तकात येत नाही. आज मला ती सांगायची आहे. एक तर ती अतिशय रंजक आहे. दुसरं म्हणजे तिचा शेवट अजून व्हायचा आहे, आणि तो काही अंशी तुमच्या-माझ्या हातात आहे.

फ्लेमिंग यांना बुरशीतलं औषध शुद्ध करून वेगळं काढता आलं नाही. ते काम दहा-बारा वर्षांनी ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन, नॉर्मन हीटली या मंडळींनी केलं. मे १९४० मध्ये त्यांनी आठ उंदरांना घातक जिवाणू टोचले आणि त्यांतल्या चौघांना पेनिसिलिन दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी औषध मिळालेले चारही उंदीर जिवंत होते, बाकीचे चार मेले होते. इथपर्यंतचा भाग आपल्याला ठाऊक असतो. पण त्याच वर्षी, २८ डिसेंबर १९४० रोजी, 'नेचर' या साप्ताहिकात एक छोटंसं पत्र छापून आलं. लिहिणारे होते एडवर्ड एब्रहॅम आणि तेच अर्न्स्ट चेन. काही जिवाणूंच्या अंगात असं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं की ते पेनिसिलिन निकामी करतं, असं त्यांनी कळवलं होतं.

आता तारखांचा क्रम पाहा. ऑक्सफर्डमधल्या ज्या पोलीस शिपायावर पेनिसिलिनचा उपचार पहिल्यांदा झाला, त्याला ते टोचलं १२ फेब्रुवारी १९४१ रोजी. त्याला उतार पडू लागला. औषध इतकं अपुरं होतं की त्याच्या लघवीतून ते पुन्हा काढून त्यालाच द्यावं लागलं. शेवटी साठा संपला, आजार उलटला आणि तो बिचारा दगावला. म्हणजे ज्या औषधाचा रोग्यावर उपयोग व्हायचा होता, त्या औषधाला उतारा जिवाणूंकडे आहे ही गोष्ट त्याआधीच उघड झालेली होती. औषध आणि त्याचा प्रतिकार ही भावंडं आपल्याला जवळजवळ एकाच वेळी भेटली. आपण त्यातलं एकच लक्षात ठेवलं.

हा प्रतिकार म्हणजे नेमकं काय, हे समजायचं तर आधी पेनिसिलिन काय करतं ते पाहायला हवं.

जिवाणू म्हणजे एकाच पेशीचा जीव. त्याच्या आत एवढा दाब असतो की नुसत्या पातळ पापुद्र्याच्या भरवशावर तो टिकणार नाही. सायकलची ट्यूब आठवा. ट्यूबमधली हवा धरून ठेवतं ते टायर. टायर कुठं फाटलं, तर त्या फटीतून ट्यूबचा फुगा बाहेर येतो आणि फट्‌कन फुटतो. जिवाणूभोवतीही असंच एक टायर असतं. त्याला पेशीभित्तिका म्हणतात. शर्करेचे लांब धागे आणि त्यांना एकमेकांशी बांधणाऱ्या अमिनो आम्लांच्या आखूड गाठी, असं ते कोळ्याच्या जाळ्यासारखं विणलेलं असतं. जिवाणू वाढतो तसं हे जाळंही सतत उसवून नव्यानं विणावं लागतं. गाठी मारायचं काम काही ठरावीक विकरं करतात. त्यांना आपण सोयीसाठी कारागीर म्हणू.

प्रत्येक नव्या गाठीच्या टोकाला डी-ॲलॅनिन नावाच्या अमिनो आम्लाचे दोन मणी असतात. कारागीर ते टोक हातात धरतो, शेवटचा मणी तोडून टाकतो आणि उरलेलं टोक शेजारच्या धाग्याला बांधून हात मोकळा करून घेतो. पेनिसिलिनचा रेणू दिसायला अगदी या दोन मण्यांसारखा आहे. कारागीर फसतो आणि गाठीचं टोक समजून पेनिसिलिन धरतो. १९६५ साली अमेरिकेत डोनाल्ड टिपर आणि जॅक स्ट्रॉमिंजर यांनी हा उलगडा मांडला.

पण धरल्यावर हात अडकतो तो कशानं? पेनिसिलिनच्या मध्यभागी एक चौकोनी कडं असतं. तीन कार्बनचे अणू आणि एक नायट्रोजनचा. त्याला बीटा-लॅक्टम कडं म्हणतात. अशा चौकोनात अणूंना नव्वद अंशांच्या आसपास वाकून बसावं लागतं आणि ते त्यांना मानवत नाही. उंदराच्या सापळ्याची स्प्रिंग जशी ताणून बसवलेली असते, तसं हे कडं ताणलेलं असतं. कारागिरानं हात लावला की ते फटकन उघडतं आणि त्याच्या हाताला कायमचं चिकटून बसतं. कारागीर बाद. अशा कारागिरांचे हात अडकले, की जाळं उसवत राहतं पण विणलं जात नाही. फट पडते, फुगा येतो, जिवाणू फुटतो. आपल्या शरीरातल्या पेशींना असं जाळं नसतंच. म्हणून जिवाणूला जीवघेणं असणारं हे औषध आपल्याला सहसा सोसतं.

असं चौकोनी कडं पेनिसिलिनमध्ये असेल यावर त्या काळच्या बड्या रसायनशास्त्रज्ञांचा विश्वास बसत नव्हता. एब्रहॅम आणि चेन यांनी १९४३ मध्ये ते सुचवलं, तेव्हा सर रॉबर्ट रॉबिन्सन यांच्यासारख्या दिग्गजानं विरोध केला. हे खरं निघालं तर मी रसायनशास्त्र सोडून अळंबी पिकवीन, असं जॉन कॉर्नफोर्थ म्हणाल्याची आख्यायिका आहे. १९४५ साली डोरोथी हॉजकिन यांनी पेनिसिलिनच्या स्फटिकांवर क्ष-किरण सोडून अणूंच्या जागा शोधून काढल्या, आणि कडं चौकोनीच निघालं. कॉर्नफोर्थनी अळंबी काही पिकवली नाही. पुढं १९७५ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, हॉजकिनबाईंना त्याआधीच, १९६४ मध्ये मिळालं होतं.

आता त्या उताऱ्याकडे येऊ. पेनिसिलिन तोडणारं विकर, म्हणजे बीटा-लॅक्टमेज, कुठून आलं? त्याची घडण तपासली तर ते गाठी मारणाऱ्या कारागिराचंच भाऊबंद निघालं. तेही पेनिसिलिन तसंच धरतं, कडं तसंच उघडतं आणि तेही काही क्षण तसंच अडकतं. फरक फक्त एवढाच, की या भाऊबंदाच्या मुठीत पाण्याचा एक रेणू अगदी नेमक्या जागी बसवलेला असतो. तो पाण्याचा रेणू अडकलेला बंध तोडतो. फुटकं, निरुपयोगी पेनिसिलिन बाहेर पडतं आणि हात पुन्हा मोकळा. यातली काही विकरं सेकंदाला हजाराच्या आसपास पेनिसिलिनचे रेणू तोडतात. कारागीर मरतो आणि भाऊबंद जगतो, कारण एका जागी पाणी पोचतं आणि दुसऱ्या जागी पोचत नाही. जिवाणूच्या जीवन-मरणाचा फैसला असा पाण्याच्या एका रेणूवर येऊन ठेपतो. आणि रोग्याच्याही.

हे केवळ प्रयोगशाळेतलं कुतूहल राहिलं नाही. लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलात मेरी बार्बर या डॉक्टरबाई रुग्णांच्या जखमांतले स्टॅफिलोकॉकस जिवाणू तपासत होत्या. १९४६ मध्ये त्यांतले सुमारे १४ टक्के पेनिसिलिनला दाद देत नव्हते. १९४८ मध्ये हे प्रमाण ५९ टक्क्यांवर गेलं. दोन वर्षांत. फ्लेमिंगनी तर डिसेंबर १९४५ मध्ये नोबेलच्या व्याख्यानातच बजावलं होतं, की औषध कमी मात्रेत घेतलं तर जिवाणू मरणार नाहीत, उलट औषधाला सरावतील. आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं उभा राहिला आणि पेनिसिलिन स्वदेशात बनू लागलं. नव्या देशाच्या दृष्टीनं ती केवढी मोठी गोष्ट होती! पण पश्चिमेकडच्या इस्पितळांत तोवर या औषधाची धार बोथट व्हायला लागली होती.

मग माणसानं काय केलं? एकामागून एक चार डाव टाकले. हे चारही डाव मला फार महत्त्वाचे वाटतात. कारण ते अंदाजानं टाकलेले असोत की समजून, प्रत्येकाचं यश-अपयश शेवटी दोन-चार अणूंवर ठरलं.

पहिला डाव असा, की भाऊबंदाचा हात सापळ्यापर्यंत पोचूच द्यायचा नाही. ब्रिटनमधल्या बीचम कंपनीच्या शास्त्रज्ञांनी पेनिसिलिनचा गाभा तसाच ठेवून त्याला बाजूनं एक अवजड, अडचणीची फांदी जोडली. भाऊबंदाच्या अरुंद मुठीत ते नीट बसेना, कारागिराच्या मुठीत मात्र बसे. हे मेथिसिलिन. ते १९६० च्या सुमारास वापरात आलं आणि १९६१ च्या सुरुवातीलाच लंडनच्या पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी त्यालाही न जुमानणारे स्टॅफिलोकॉकस सापडल्याचं जाहीर केलं. पाच हजारांवर नमुन्यांत फक्त तीन. तेच आजचे कुप्रसिद्ध 'एमआरएसए'. या जिवाणूंनी सापळा तोडला नव्हता, त्यांनी कारागीरच बदलला होता. या नव्या कारागिराची मूठ इतकी मिटलेली असते की सापळा तिच्यात सहसा शिरत नाही, गाठी मात्र तो मारत राहतो.

यातली सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट २०१७ मध्ये कळली. जपून ठेवलेल्या त्या जुन्या नमुन्यांची जनुकं वाचल्यावर दिसलं, की हे जिवाणू मेथिसिलिनच्या जन्माआधी, १९४० च्या दशकाच्या मध्यालाच तयार झाले होते. म्हणजे मेथिसिलिननं त्यांना घडवलं नव्हतं. पेनिसिलिनच्या भरमसाट वापरानं त्यांना मोकळं रान दिलं होतं. औषध जिवाणूला काही शिकवत नाही. जे दुबळे असतात त्यांना ते मारतं आणि उरलेल्यांना जागा करून देतं. त्यातून पुष्कळ जिवाणू अशी जनुकं छोट्या वर्तुळाकार डीएनएवर बाळगतात आणि शेजाऱ्याला देऊन टाकतात. शेजारी दुसऱ्या जातीचा असला तरी त्यांना चालतं.

दुसरा डाव भाऊबंदालाच पकडण्याचा. १९७० च्या दशकात बीचममध्येच एका मातीतल्या जिवाणूपासून क्लॅव्युलॅनिक आम्ल सापडलं. त्यातही तेच चौकोनी कडं. औषध म्हणून ते अगदीच सामान्य. पण भाऊबंदानं ते धरलं, की आत एकामागून एक रासायनिक बदल होतात आणि पाण्याच्या रेणूला ती गाठ सोडवणं जमत नाही. चोरासाठी लावलेलं हे आमिष होतं. अमॉक्सिसिलिनबरोबर त्याची जोडी जमवली गेली आणि १९८१ मध्ये ती ब्रिटनमध्ये बाजारात आली. औषधाच्या पाकिटावर नावाच्या शेवटी 'क्लॅव' असं आपण वाचतो ना, ते हेच. इथं औषध जुनंच होतं, त्याला फक्त अंगरक्षक मिळाला.

तिसरा डाव निराळ्याच औषधाचा. १९५० च्या दशकात बोर्निओच्या जंगलातल्या मातीतून व्हॅन्कोमायसिन निघालं आणि १९५८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. हे औषध कारागिराच्या वाटेला जातच नाही. गाठीच्या टोकाचे ते दोन मणी असतात ना, त्यांच्यावरच ते टोपीसारखं बसतं आणि पाच हायड्रोजन बंधांनी त्यांना जखडतं. कारागिराला टोक धरायलाच मिळत नाही. जिवाणूला इथं विकर बदलून भागणार नव्हतं, जाळ्याचा धागाच बदलायला हवा होता. म्हणून तब्बल तीस वर्षं हे औषध टिकलं. १९८८ मध्ये मात्र ब्रिटन आणि फ्रान्समधून बातमी आली, की आतड्यातल्या एंटरोकॉकस जिवाणूंनी तेही साधलं. त्यांनी शेवटच्या मण्याच्या जागी लॅक्टिक आम्लाचा मणी ओवला. नायट्रोजन होता तिथं ऑक्सिजन आला. पाचांतला एक बंध गेला, आणि औषधाची पकड हजारपटीनं ढिली पडली.

यावर अमेरिकेत डेल बोगर यांच्या प्रयोगशाळेनं दिलेलं उत्तर मला फार आवडतं. त्यांनी व्हॅन्कोमायसिनमधल्या नेमक्या एका ऑक्सिजनच्या जागी नायट्रोजन आणला, तेव्हा ते जुने आणि नवे दोन्ही मणी धरू लागलं. जिवाणूनं एक अणू बदलला, माणसानंही एकच बदलला. पण जिवाणूला जे आयतं निवडून मिळालं होतं, ते माणसाला अवघड रासायनिक संश्लेषणानं, वर्षानुवर्षं खपून करावं लागलं. २०१७ मध्ये त्याच प्रयोगशाळेनं त्यात आणखी दोन फेरफार जाहीर केले, म्हणजे जिवाणूला एकाच वेळी तीन वाटा बंद करायच्या.

चौथा डाव अजून रंगात आहे, आणि तो आपल्या देशाशी जोडलेला आहे. ई. कोलाय, क्लेबसिएला यांसारख्या जिवाणूंना जाळ्याबाहेर आणखी एक पापुद्रा असतो. व्हॅन्कोमायसिनसारखा मोठा रेणू त्यातून आत जात नाही. त्यांच्यासाठी १९८० च्या दशकात कार्बापेनेम गटातली औषधं आली. कडं तेच, पण बहुतेक भाऊबंदांना न तुटणारं. ती डॉक्टरांची राखीव फौज होती. २००८ मध्ये स्वीडनमध्ये एका रुग्णाच्या नमुन्यात ही औषधंही तोडणारं विकर सापडलं. रुग्णावर आधी दिल्लीत उपचार झाले होते, म्हणून त्याला 'न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज', म्हणजे एनडीएम-१, असं नाव दिलं गेलं. २०१० मध्ये त्या नावावरून आपल्याकडे मोठं काहूर उठलं. शहराचं नाव विकराला देणं योग्य की अयोग्य, यावर वाद घालता येईल. पण विकर खरंच होतं, आणि नावाचा वाद चालला असताना ते पसरत होतं.

हे विकर जुन्या भाऊबंदांपैकी नव्हे. ते पेनिसिलिनला हातात धरून अडकतच नाही. त्याच्या मुठीत जस्ताचे दोन अणू असतात, ते पाण्यालाच धार लावतात आणि ते पाणी थेट कड्यावर घाव घालतं. हात अडकतच नसल्यामुळं क्लॅव्युलॅनिक आम्लाचं आमिष इथं वाया जातं. मग काय करायचं? संशोधकांना १९८० च्या दशकातलंच एक औषध आठवलं, अझट्रिओनॅम. त्यात चौकोनी कडं एकटंच असतं, शेजारी जोडलेलं दुसरं कडं नसतं, आणि जस्तवाल्या विकराला ते तोडता येत नाही. अडचण एवढीच, की ज्या जिवाणूकडे एनडीएम असतं त्याच्याकडे जुने भाऊबंदही असतात आणि ते अझट्रिओनॅम तोडतात. म्हणून त्याला ॲव्हिबॅक्टम नावाचा नवा अंगरक्षक दिला. हा भाऊबंदाच्या हाताला चिकटतो, आणि सुटलाच तर सहसा न मोडता आपलं कडं पुन्हा मिटवून दुसऱ्याला धरायला मोकळा होतो. ही जोडी युरोपात २०२४ मध्ये आणि अमेरिकेत २०२५ मध्ये मान्य झाली. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, वॉकहार्टच्या संशोधन केंद्रानं आणखी वेगळा विचार केला. त्यांचं झिडेबॅक्टम नुसतं रक्षण करत बसत नाही. सेफेपाइम हे औषध एका कारागिराला धरतं तेव्हा झिडेबॅक्टम दुसऱ्या कारागिराला धरतं. दोन कारागीर एकदम बाद झाले, की थोडं सेफेपाइम तुटलं तरी जाळं सावरत नाही.

मग लढाई जिंकली म्हणायची का? तसं नाही. भारतातल्या काही ई. कोलाय जिवाणूंच्या एका कारागिरात चार जादा अमिनो आम्लांची भर पडलेली आढळली आहे, आणि तेवढ्यानं अझट्रिओनॅमची पकड सैल होते. युरोप-अमेरिकेत ती जोडी मान्य होण्याच्या आधीच हे दिसून आलं होतं. १९४० मध्ये जे घडलं त्याचीच ही पुनरावृत्ती.

२०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळं जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं दगावली, असा अंदाज 'लॅन्सेट'मध्ये २०२२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपण, सिझेरियन, गुडघ्याचं ऑपरेशन, कॅन्सरची केमोथेरपी या सगळ्यांच्या मागं ही औषधं उभी असतात. ती गेली तर नुसता एखादा रोग बळावणार नाही, आधुनिक शस्त्रक्रियेचा पायाच खचेल.

या इतिहासातून मी एक गोष्ट घेतली. नवं औषध शोधणं हे उत्तर अपुरं आहे. आजवर जी यशं टिकली, त्यांतली कितीतरी जुन्या औषधाला वाचवण्यातून आलेली आहेत. शास्त्रज्ञ हे काम अंगरक्षक शोधून करतात. आपल्याला ते औषध विनाकारण न घेऊन करता येतं. सर्दी-पडसं विषाणूंमुळं होतं. विषाणूला जाळं नाही, गाठी नाहीत, कारागीर नाही. मग तिथं हा सापळा धरणार कुणाला? पण त्याच गोळीमुळं आपल्या आतड्यातल्या कोट्यवधी निरुपद्रवी जिवाणूंतले दुबळे मरतात आणि पाण्याचा तो एक रेणू नेमक्या जागी बाळगणारे मागं उरतात. पुढं कधी ते, किंवा त्यांची जनुकं घेतलेले त्यांचे शेजारी, आपल्या किंवा आपल्या घरातल्या कुणाच्या जखमेत उतरतात. अशा औषधांच्या पाकिटावर लाल उभी रेघ असते. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय घेऊ नका, एवढाच तिचा अर्थ.

चार अणूंचं एक कडं. त्याच्याभोवती ऐंशीहून अधिक वर्षं ही झुंज चालली आहे. जिवाणूंना घाई नाही, त्यांच्या पिढ्या अर्ध्या-अर्ध्या तासाला जन्मतात. आपल्याला एक औषध तयार करायला दहा-पंधरा वर्षं लागतात. हिशेब असा असताना, जे हाताशी आहे ते उधळून चालणार नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)